मागे चालणाऱ्याची शिट्टी

मी पितळेची एक जुनी शिट्टी आहे. मित्रांनो, मला आता कुणी वाजवत नाही, म्हणून माझी हकिकत तेवढी ऐका.

मुरादाबादच्या एका कारखान्यात मी घडले आणि लखनौला हजरतगंजातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात आले. १९७४ साली चंद्रकांत नावाच्या सरकारी नोकरदाराने मला विकत घेतले. तो मूळचा अकोल्याचा. पत्नी कमल आणि लहानगी मनीषा यांच्यासह तो सरोजिनी नगरात राहत असे. मे महिन्यात लखनौत लू, ती भाजून काढणारी गरम हवा, वाहू लागली की तिघे आगगाडीने काठगोदामला जात आणि पुढे बसने कुमाऊंच्या डोंगरांत. बाकीचे प्रवासी नैनितालच्या तलावाकडे वळत. चंद्रकांतला मात्र निर्जन वाटा आवडत. दिवसभरात एखादा मेंढपाळ भेटला तर भेटला.

त्याचा एक नियम होता. जो सर्वांत मागे चालेल त्याच्या गळ्यात शिट्टी. मागचा थांबला की त्याने ती वाजवायची आणि पुढच्यांनी थांबायचे. मागे नेहमी तोच असे. त्याच्या छातीवर डुलत मी किती देवदारांखालून गेले असेन!

"तुमची शिट्टी ऐकली की मला वाटतं, डाळ शिजली," कमल चिडवायची. मग तो मला मुद्दाम पुन्हा वाजवायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

१९८१च्या मे महिन्यात मनीषाची टाच बुटाने सोलली आणि ती मागे पडू लागली. चंद्रकांतने मला स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातले. "आज शेवटची तू," तो म्हणाला. तिला केवढा अभिमान वाटला! एका चढावर तो बुटातला खडा काढायला दगडावर टेकला. तेवढ्यात पुढच्या वळणावरून कमलची हाक आली, "मनू, लवकर ये, बर्फाचं शिखर दिसतंय."

त्याने हाताने जा म्हणून खूण केली. मनीषा लंगडत धावली आणि तिच्याबरोबर मीही गेले. आता सर्वांत मागे तो होता, पण माझी आठवण तिघांपैकी कुणालाच झाली नाही.

मग दाट धुके उतरले. बराच वेळ झाला तरी तो आला नाही. मनीषाने ओठ सुजेपर्यंत मला वाजवले. माझा आवाज दरीत जाऊन रिकामाच परत येई. तिकडून उत्तर देण्यासाठी जी असायला हवी होती, ती मी इकडे होते. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना तो वाटेखालच्या उतारावर सापडला. प्राण केव्हाच गेला होता.

लखनौच्या घरी बुद्धवंदना झाली. अकोल्याहून त्याचे थोरले भाऊ हणमंतराव आले होते. त्यांनी विचारले, "शिट्टी कुणाकडे होती?" सगळ्यांनी मनीषाकडे पाहिले. कमल भिंतीला टेकून बसली होती. ती काहीच बोलली नाही.

त्यानंतर मला स्वेटरांबरोबर ट्रंकेत ठेवले गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी वर्षानुवर्षे पडून राहिले. बाहेर मायलेकींचे मोजके बोलणे ऐकू येई. आई मराठीत विचारी, मुलगी हिंदीत उत्तर देई. डोंगराचे नाव त्या घरात कुणी काढले नाही.

१९८९मध्ये मनीषाला बँकेत नोकरी लागली, बरेलीला. स्वेटर काढायला तिने ट्रंक उघडली आणि मी तिच्या हाती आले. ती तशीच बसून राहिली. कमल दारात उभी होती.

"मनू, ती त्यांनीच तुझ्या गळ्यात घातली होती. मी पाहिलं होतं. आणि पुढे तुला मी बोलावलं."

मनीषाने वर पाहिले. "अब बता रही हो, आई?"

कमलने पुढे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. मनीषाने तो झिडकारला नाही, पण आपला हातही त्यावर ठेवला नाही. बाहेर रिक्षा आली होती. तिने मला आईच्या ओंजळीत ठेवले, बॅग उचलली आणि ती गेली.

मित्रांनो, मी पितळेची आहे. मला कितीही वर्षे विसरलात आणि मग चिंचेने घासलेत, तरी मी पुन्हा लखलखेन. लेकरांचे तसे नसते. तुमच्या घरात एखादे मूल गप्प गप्प राहत असेल, तर त्याच्याजवळ बसा. "तुझी चूक नव्हती," हे सांगायचे असेल, तर त्याच दिवशी सांगा.