मिळालेला रविवार

लग्न झाल्यापासून कालिंदी आणि नृसिंह यांचं एका गोष्टीत कधी जमलं नाही, ती म्हणजे सुट्टी. ती मुलींच्या शाळेत बाई, तिला रविवार. तो उद्यमनगरात फौंड्रीत, आणि तिथली भट्टी बंद सोमवारी. तो रविवारी डबा घेऊन बाहेर पडायचा तेव्हा ही केस धुवायला बसायची, आणि सोमवारी ही शाळेला निघायची तेव्हा तो घोरत असायचा. देवानं जोडा जमवला आणि वार मात्र वाटून दिले.

रविवारी करायचं काय, असा तिला प्रश्नच पडायचा. न्हायची, वाचत लोळायची, उन्हं उतरली की शाळेतल्या शालूबाईंबरोबर रंकाळ्यावर जाऊन भडंग खायची. मनात मात्र एकच होतं. दोघांना मिळून एक रविवार मिळाला की पहाटेच्या यष्टीनं गगनबावडा गाठायचा. शाळेच्या सहलीत तिनं तिथं पायाखालून ढग वर येताना पाहिले होते. शेजारी नवरा हवा होता, आणि होत्या पोरींच्या रांगा. तेव्हापासून एकटीचा रविवार तिच्या लेखी फुकट गेलेला.

शेवटी तिनंच जोर लावला. फौंड्रीच्या मालकाची मुलगी तिच्या वर्गात होती, गणितात ढ. कालिंदीनं वर्षभर तिला बंगल्यावर जाऊन शिकवलं, एक पैसा घेतला नाही, आणि पोरगी पास झाल्यावर मालकीणबाईंच्या कानावर हळूच घातलं. नृसिंहला मालाच्या गोदामात नेमलं, तिथं सुट्टी रविवारची. बाईनं आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर पेढे वाटले.

शनिवारी तिनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली. सकाळी नृसिंह पिशवी घेऊन निघाला तो मटण आणायला. सयाजी आणि आकाराम हे त्याचे तालमीतले जुने दोस्त, दोघंही सरकारी नोकर, रविवारचे मोकळे. इतक्या वर्षांनी नृसिंह रविवारी घरी सापडला म्हणून ते जेवायला येणार होते.

"ढग काय पळून जात्यात व्हय? पुढल्या आयतवारी जाऊ की," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

पुढला रविवारही मटणाचा. त्याच्या पुढला कुस्तीचा, आणि कुस्तीनंतर पुन्हा मटणाचा. कालिंदी वाटण वाटायची, वाढायची, शेवटी एकटी जेवायची आणि भांडी घासायची. केस ती आता बुधवारी धुवायला लागली. शालूबाई दोनदा दारावरून परत गेल्या, मग आल्याच नाहीत. आपल्या ताटात काय होतं, हे दुसऱ्यानं ते संपवल्यावरच कळतं.

पुढं मालकानं गोदामसुद्धा भट्टीबरोबर सोमवारीच बंद ठेवायचं ठरवलं. नृसिंह हबकला. मालकीणबाईंना एकदा सांगून बघ, तुझा शब्द त्या मोडत नाहीत, म्हणून तो तिच्या मागं लागला. ती जाते म्हणाली. बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलीही. मग तशीच वळली आणि रंकाळ्यावर एकटी जाऊन बसली. तिला लाज वाटत होती. ज्या रविवारसाठी वर्षभर दुसऱ्याच्या पोरीला भागाकार शिकवले, तो परत द्यायला ती इतकी उतावीळ झाली होती. उठताना तिनं मनाशी ठरवलं, त्यानं गगनबावड्याचं नुसतं नाव जरी काढलं, तरी उद्या बंगल्यावर जायचं आणि बाईंचे पाय धरायचे.

"गेलते मी," घरी आल्यावर ती म्हणाली. "बाई न्हाय म्हणाल्या."

नृसिंह तोंड पाडून बसला. चहाचं आधण ठेवून कालिंदी त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं मान वर केली.

"सयाजी-आकारामाला लई वाईट वाटंल," तो म्हणाला. मग एकाएकी त्याचा चेहरा खुलला. "पर मी नसलो म्हणून काय झालं? तू हाईस की घरात. येऊ दे त्यास्नी, तू करून घाल. दुपारच्या सुट्टीत मीबी येतो जेवायला."

कालिंदीनं चहा गाळून त्याच्यापुढं ठेवला. तो अर्धाच पिऊन नृसिंह दोघांना सांगायला निघालासुद्धा.