मुडदुशांची पेज

आमचं मंडळ घाटकोपरचं. कॅन्सरच्या पेशंटना घरी डबा पोचवायचा, घरच्यांना धीर द्यायचा, एवढंच काम. डबा शाकाहारीच, वर्गणी देणाऱ्यांची तशी अटच होती. मी स्वतः मासे-मटण खात नाही, त्यामुळे मला ती अट कधी टोचली नव्हती.

भटवाडीतल्या चाळीतले दशरथ परब मात्र माझा डबा जवळजवळ तसाच परत करायचे. गिरणीच्या संपापासून माणूस घरी, आणि त्यात हा तोंडाचा कॅन्सर. रेडिएशनचे शेक चालू होते. वजन आणखी उतरलं तर शेक थांबवावे लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मऊ खिचडी, दुधी, मुगाचं कढण, काही म्हणून चालेना. माझं डोकं फिरलं.

"हे आधी जेवायचे तरी काय गं?" मी त्यांच्या बायकोला, प्रेमाला, विचारलं.

"दोन्ही टायमाक मासे."

"मग मासे दे ना."

ती खाली बघत म्हणाली, "मी गावच्या देवीक बोललंय. हे बरे होयपर्यंत मी मासे खावचंय नाय, रांधूचंय नाय."

मी कपाळाला हात लावला. नवऱ्यासाठी नवस आणि नवराच उपाशी. "देवीनं मागितलं होतं का तुझ्याकडे?"

"मी कबूल केलंय, ताई. मोडलंय आणि ह्येंका काय झाला तर?"

तिच्याशी वाद घालायचा मला धीर झाला नाही.

"तू रांधायचं नाहीस ना? मग मी रांधते."

आजाऱ्याला मुडदुशे, म्हणजे पचायला हलके असे छोटे मासे, देतात, हे तिनंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ते कोळणीकडून साफ करून आणले आणि चाळीच्या गॅलरीत स्टोव्ह पेटवला. प्रेमा दारातूनच हुकूम सोडत होती: आधी उकडा, काटे काढा, मग पेजेत कुस्करा, तिखट नको, कोकम नको, तोंड जळेल. मी नाकाला पदर लावून सगळं केलं. मंडळात कळलं असतं तर माझी वाट लागली असती, पण तेव्हा मला कुणाचीच पर्वा नव्हती.

दशरथ भिंतीला टेकून बसले. पहिला घोट त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. मग दुसरा, तिसरा. वाटी रिकामी करूनच त्यांनी तोंड उघडलं.

"ह्येच्यात मीठ घालूक नाय."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. चाखणार कोण होतं? तिचा नवस, आणि मी ही अशी.

"उद्या आठवणीन घाला," ते म्हणाले आणि वाटी पुढे केली.

प्रेमा उंबऱ्यावरच बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. त्या घरात उद्याचं नाव बरेच दिवस कुणी काढलं नव्हतं.