पहिली गोळी कुणाची

शिंप्याने ताईला शब्द दिला तेव्हा त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून त्याने पुन्हा नीट सांगितलं, "रविवारी दुपारी प्रार्थनामंदिरात चर्चा आहे. युद्ध कशामुळे झालं, आणि वेगळं व्हायचा हक्क कुणाला असतो का. मी उठून सांगतो, पुलावर पहिली गोळी अलीकडून सुटली."

"मीच सांगते की," कोटाला काज करता करता ताई म्हणाली.

"तू नको. तू तोंड उघडलंस की लोक तुझा पलीकडचा हेल ऐकत बसतात, म्हणणं कुणी ऐकत नाही. मी त्यांच्यातला आहे. माझं ऐकतील."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. लग्न होऊन नदीपलीकडच्या प्रांतात गेली ती तिथलीच झाली. त्या प्रांताने फुटून निघण्यासाठी मतदान घेतलं, राजधानीने फौज पाठवली. निकाल घेऊन बोलणी करायला चार शिक्षक पुलावर गेले, त्यांत तिचा नवरा होता. ताई काठावर उभी होती. गोळी कुठून सुटली आणि नवरा कसा पडला ते तिने डोळ्यांनी पाहिलं; तिथून युद्ध पेटलं. पुढे युद्ध संपलं, प्रांत परत जोडला गेला आणि ताई भावाच्या दुकानात काजं-बटणं करू लागली. अलीकडच्या शाळांत मात्र अजून हेच शिकवत होते, की पहिली गोळी पलीकडच्यांनी झाडली.

शिंप्याला लोक ओळखायचे ते त्याच्या शिवणापेक्षा गळ्यामुळे. तो बुवांचा झीलकरी. बुवा गाऊन प्रवचन करायचे. ओळीच्या शेवटी त्यांचा सूर खाली उतरला, की मागे उभ्या शिंप्याने ती ओळ उचलायची आणि घोळवायची, तेवढ्यात बुवांनी श्वास घ्यायचा. इतक्या वर्षांत ते असं मुरलं होतं, की ओळीत काय आहे हे गळा विचारतच नसे. आणि बुवांचा सूर असा, की कितीही करपलेलं मन घेऊन या, जाताना देव जवळचा वाटायचा.

त्या दुपारी मंदिर भरलं होतं. ताई बायकांत बसली, खांबाला टेकून. आधी बुवांनी दोन भावांच्या वाटणीचं आख्यान लावलं, मग टाळ खाली ठेवून म्हणाले, "आता बोला, मायबाप. भांडा, पण चपला बाहेरच राहू द्या."

औषधांचा दुकानदार लगेच उठला. "कारण काय विचारता? त्यांची भाषा शाळेतून काढली, त्यांच्या धरणाची वीज इकडे आणली, आणि ते 'आम्ही जातो' म्हणाले तर रणगाडे पाठवले. मतं देऊन जात होते. तलवार घेऊन नव्हते जात."

"मग उद्या माझी गल्ली मतं देईल!" मागून कुणी ओरडलं. "परवा आमची ही स्वयंपाकघर वेगळं करील!"

"तुमच्या हिने ते केव्हाच केलंय," औषधवाला म्हणाला. "तुम्हाला पत्ता नाही."

हशा पिकला. बुवाही हसले. "बरं, हक्क आहे असं धरू घटकाभर. पण सगळ्यांनी मिळून बांधलेल्या घराची भिंत एकट्याने कशी न्यायची?"

"भिंत राहू द्या. माणसाला तरी दारातून जाऊ द्याल की नाही?" औषधवाला म्हणाला. "की आत डांबून वर म्हणायचं, पाहा कसे एकत्र नांदतो?"

बुवांना उत्तर सुचेना, आणि उत्तर सुचलं नाही की ते गायचे. त्यांनी हात वर केला, डोळे मिटले आणि जागच्या जागी ओळ बांधली:

"घर सोडून जो गेला, आग त्यानेच लाविली…"

सूर खाली उतरला. आणि मागे बसलेल्या शिंप्याने तो उचलला.

"आग त्यानेच लाविली!" मोकळ्या गळ्याने. "आग त्यानेच लाविली!" तिसऱ्यांदा तर एक सुरेख हरकत घेऊन. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. त्या टाळ्यांतच ओळीचा अर्थ त्याच्या कानात शिरला. त्याने खांबाकडे पाहिलं. ताईचे हात मांडीवर होते. ती त्याच्याकडेच बघत होती, रागाने नव्हे, एखाद्याचं नाव आठवत नसल्यासारखं.

"आणखी कुणी?" बुवांनी विचारलं.

आता उठायचं होतं. पण ज्या तोंडाने एवढ्यात हे गायलं, त्याच तोंडाने ते कसं सांगायचं? लोक काय म्हणतील? तो टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

ताई उठली. "पहिली गोळी अलीकडून आली." तिच्या हेलाने सगळ्या माना वळल्या. "माझा नवरा पुलावर होता. हातात कागद होता, दुसरं काही नव्हतं. बाकी हक्काचं तुम्ही शहाणे ठरवा."

बुवा माणूस म्हणून मोठे. ते खाली वाकले. "चुकलो, माऊली. ओळ मागे घेतो." आणि त्यांनी तिचंच वाक्य सुरात धरलं, "गोळी अलीकडून आली…" सूर खाली उतरला.

शिंप्याचा गळा उघडला नाही. बुवांनी पुन्हा ओळ म्हटली, मागे वळून पाहिलं. शेवटी बायकांतूनच कुणी तरी ती उचलली, बेसूर, अडखळत. मग औषधवाल्याने. शिंप्याचे नुसते ओठ हलले.

बाहेर पायऱ्यांवर त्याने ताईला गाठलं. "ताई, ते आपोआप आलं गं. सवय."

"कळलं मला. लहानपणापासून ओळखते तुला." तिने चप्पल पायात सरकवली. "गायलास ते आपोआप. नंतर बसून राहिलास, ते?"

उत्तरासाठी ती थांबली नाही.

तो परत आत गेला. मंदिर रिकामं झालं होतं; बुवा एकटेच सतरंजी झटकत होते.

"बुवा, मला बोलायचंय."

"आता? सभा उठली रे."

"माहीत आहे," शिंपी म्हणाला. सतरंजीचं दुसरं टोक हातात धरून तो उभा राहिला आणि सांगू लागला, पुलाचं, त्या चौघांचं, आपल्या मेहुण्याचं. बुवांनी सगळं ऐकून घेतलं. ज्यांना ऐकवायचं होतं ते केव्हाच घरी जाऊन चहाला बसले होते.