मनमिळाऊ नव्हता तो

वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे तिला 'कात्रीबाई' म्हणत. बातमीदाराने कितीही पाल्हाळ लावून आणलं, तरी तिच्या टेबलावरून ते अंग चोरूनच बाहेर पडायचं. पण आज तिच्यापुढे बाबांच्या अक्षरातला मजकूर होता. दादा कामावरच कोसळून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. पहिल्या पुण्यतिथीच्या चौकटीसाठी बाबांनी त्याच्यावर दोन पानं भरून लिहिलं होतं आणि पेपरात जागा होती तळहाताएवढी.

घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती पेन घेऊन बसली. बाबा समोर, हाताची घडी घालून.

"मनमिळाऊ, मृदुभाषी, सर्वांचा लाडका..." वाचता वाचता ती थबकली. "बाबा, हे कुणाबद्दल आहे?"

"कुणाबद्दल म्हणजे? सगळे असंच लिहितात."

"दादा आणि मृदुभाषी? नळ गळायला लागला तर नळाशीसुद्धा भांडायचा तो!"

बाबांना हसू फुटलं. "आणि माझ्याशी. रोज. रेडिओच्या आवाजावरून."

तिने 'मृदुभाषी' खोडलं. मग 'मनमिळाऊ'. 'क्रूर काळाने घाला घातला' गेलं, 'कधीही न भरून येणारी पोकळी' गेली. दर वेळी बाबा "अगं, राहू दे की" म्हणत आणि मग स्वतःच मान हलवत. पण दुसरं पानही आडव्या रेघांनी भरलं, तसे ते भडकले.

"सगळंच कापलंस! माझा मुलगा कुठे उरला यात?"

इतकी वर्षं परक्यांच्या शब्दांवर कात्री चालवली, तेव्हा असं कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्हीच सांगा," ती हळूच म्हणाली. "तो नाही, तर नक्की काय नाही?"

बाबांनी फळीवरच्या रेडिओकडे पाहिलं. मग म्हणाले, "रेडिओ हवा तेवढा मोठा लावता येतो गं आता. कुणी ओरडत नाही."

तिने ते तसंच उतरवून घेतलं. 'गं' तेवढा काढला.

दुसऱ्या दिवशी जाहिरात विभागातून फोन आला. "बाई, खाली 'शोकाकुल परिवार' राहिलंय का?"

"राहिलं नाही. काढलंय."

चौकट छापून आली. दादाचा फोटो, नाव आणि ती दोन वाक्यं. बाबांनी वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि वर्षभरात पहिल्यांदाच हुंदके देऊन रडले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.