तपकिरी पाण्याचा धडा

डाग काढणं हा माझा धंदा आहे. लॉन्ड्रीत सव्वीस वर्षं झाली. पुढे काउंटरवर मालक कपडे घेतात, चिठ्ठ्या टाचतात आणि ज्या कपड्यापुढे त्यांनी हात टेकले तो मागच्या खोलीत माझ्या टेबलावर येतो. गंज, तेल, रक्त, रंग, पोरांची ओकारी, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. म्हणूनच मुलांना डागाचा धडा शिकवायचा म्हटल्यावर मला जरा जास्तच चेव चढला, हे आधीच कबूल करते.

मुलांना शिकवणं माझं काम नव्हे, ते माझ्या नणंदेचं. चर्चच्या मागच्या खोलीत ती अकरा वर्षं संडे स्कूल घेते. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि जाताना माझ्या हातात एक पत्र्याचा डबा आणि एक वही देऊन गेली. "सहाच रविवार आहेत," म्हणाली, "आणि पोरांवर खेकसू नकोस." मी बाई फटकळ आहे, सगळ्यांना माहीत आहे.

डब्यात लोहचुंबक होतं, मेणबत्त्या होत्या, एक फुटका आरसा, मोहरीची पुडी, दोऱ्याची रिळं. एकेका वस्तूवर एकेक धडा वहीत लिहिलेला. माझ्या नणंदेचं म्हणणं असं, की मुलांना देवाची गोष्ट हातात द्यावी लागते, नुसती सांगून ती दाराबाहेर जाईपर्यंतही टिकत नाही. पहिल्या रविवारी लोहचुंबक ठीक गेलं. दुसऱ्या रविवारी मी प्रत्येकाच्या तळहातावर मोहरीचा एक दाणा ठेवला, एवढासा विश्वाससुद्धा देवाला पुरतो असं सांगायला, तर एका दिवट्याने तो दाणा नाकात घातला. अर्धा तास विश्वास राहिला बाजूला, आम्ही सगळे त्याला शिंकायला लावत होतो.

तिसऱ्या रविवारी तपकिरी पाणी होतं. धडा असा: काचेच्या भांड्यात स्वच्छ पाणी घ्यायचं. प्रत्येक मुलाने आपलं एक पाप आठवायचं आणि आयोडीनचा, म्हणजे जखमेवर लावतात त्या तपकिरी औषधाचा, एक थेंब पाण्यात टाकायचा. पाणी गढूळ होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं पाणी त्यात ओतायचं आणि म्हणायचं, प्रभू येशू असं धुऊन टाकतो. एका क्षणात सगळं पांढरं स्वच्छ. त्या बाटलीत हायपो असतं, फोटो धुणारे वापरायचे ते. खाली नणंदेने लाल पेनाने लिहिलं होतं: 'शेवटी ही गंमत कशी होते ते मुलांना जरूर सांगावं.'

हे मी वाचलं होतं. नंतर मी वाचलंच नाही असं म्हणायला जीभ शिवशिवली, म्हणून आत्ताच सांगून टाकते.

मुलं एकेक करून पुढे आली. एकीने भाजी खिडकीतून फेकली होती, एकाने भावाची पेन्सिल लपवली होती. शेवटी मुंगी आली. आठ वर्षांची, अंगाने एवढीशी आणि कायम काही ना काही उचलून चाललेली, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. तिने आपलं पाप मनातच ठेवलं. ड्रॉपर भांड्यात धरून तिने सगळाच दाबला.

"एकच थेंब गं," मी म्हटलं.

"माझं मोठं आहे," ती म्हणाली.

मी हायपो ओतलं. पाणी निवळलं. बारा मुलांची तोंडं उघडीच राहिली, आणि मला लाल पेनाने लिहिलेलं काही आठवेना. खरं सांगते, आठवत होतं. पण सव्वीस वर्षांत माझ्या कामाकडे असं कुणी बघितलं नव्हतं. लोक स्वच्छ कपडा घेतात आणि घरी जातात.

मुंगीने विचारलं, "जुना डाग असला तरी?"

"कितीही जुना असू दे."

"मुद्दाम केलेला असला तरी?"

"तरीसुद्धा," मी म्हटलं, अगदी दुकानदाराने हमी द्यावी तसं.

आवराआवर करताना हायपोची बाटली डब्यात नव्हती. मी सगळ्यांचे खिसे बघितले आणि खेकसले. व्हायचं तेच झालं.

बुधवारी दुपारी लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी मुंगी उभी. शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर. तिने दप्तरातून आधी रिकामी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणखी काहीतरी काढलं.

"मावशी, सगळ्यांचं झालं. माझं झालं नाही."

"काय झालं नाही?"

"माफ."

पुडक्यात बाप्तिस्म्याचा झगा होता. जुनं, तलम, पांढरं कापड, गळ्याला हाताने विणलेली लेस. त्यांच्या घरातली सगळी बाळं याच झग्यात बाप्तिस्म्याला नेली होती. मुंगीची आईसुद्धा, मुंगीसुद्धा. आता तिच्या दोन महिन्यांच्या भावाची पाळी होती, येत्या रविवारी. आणि झग्याच्या छातीवर तळहाताएवढा निळा डाग. पेनाची शाई. वर हायपो ओतून घासल्यामुळे तो चांगला पसरला होता.

"सांडली होय गं शाई?" मी विचारलं.

"सांडली नाही. ओतली." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "बाळ आलं त्या आठवड्यात. आई म्हणाली, हा आता बाळाचा. मला बाळ धरूही देत नाहीत. म्हणतात, पाडशील."

मी हातातलं काम बाजूला सारलं. तिला स्टुलावर बसवलं आणि डागाखाली टिपकागद घातला. आधी स्पिरिट, कापसाच्या बोळ्याने, कडेकडून आत. मग साबणाचं पाणी. मग व्हिनेगर. पुन्हा स्पिरिट. टिपकागद निळा होत होता, मुंगी स्टुलावरून वाकून बघत होती आणि दर वेळी विचारत होती, "आता?" तासाभराने डाग फिकट झाला आणि तिथेच अडून बसला. याच्यापुढे जायचं तर ब्लीच, आणि त्या कापडाला ब्लीच म्हणजे हातात चिंध्या. मालक डोकावले, त्यांनी डाग पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि गुपचूप पुढे निघून गेले.

मी बोळा खाली ठेवला. "निघत नाही," मी म्हटलं.

मुंगी रडली नाही. तिने मान डोलावली, जणू तिला ठाऊकच होतं. "म्हणजे मुद्दाम केलेलं चालत नाही," ती म्हणाली.

 पोरीने देवाचा निकाल ऐकला होता, आणि तो निकाल लिहिणारी मी.

"इकडे बघ," मी म्हटलं. "त्या बाटलीतल्या पाण्याचा देवाशी काही संबंध नाही. ते एकाच डागाला चालतं, आयोडीनच्या. आणि तो डाग भांड्यात आपणच पाडला होता, निघणारा बघून. शाईला ते चालत नाही, तेलाला नाही, कशालाच नाही. हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता ना. मला आवडलं ते."

तिने जरा विचार केला. "मग देव खरंच माफ करतो की तीही गंमतच?"

आता याला काय उत्तर द्यायचं? कुठला डाग कशाने जातो, ते मला विचारा. मी म्हटलं, "करतो, एवढं मला माहीत आहे. पण ते काचेच्या भांड्यात दाखवता येत नाही. चल, घरी जाऊन आईला सांगू."

"आईपण मला माफ करणार नाही," मुंगी म्हणाली. मी झगा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. हमी एकदा देऊन बसले होते.

त्यांच्या घरी मुंगीची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. रस्ताभर मी मनात जुळवत आले होते, पोर लहान आहे, चूक माझी आहे, वगैरे. तोंडाचा पट्टा सुरू करणार, तर मुंगीने माझा पदर ओढला. झगा तिने स्वतःच आईपुढे ठेवला.

"मी ओतली. मुद्दाम," ती म्हणाली. "मावशींनी काढून बघितलं. निघत नाही."

आईने डागावर बोट फिरवलं. लेसवर फिरवलं. तिचे डोळे भरून आले आणि मग चेहरा कठीण झाला. "माझ्या आजीने शिवलाय हा," ती म्हणाली. तिने झगा घडी घालून बाजूला ठेवला. "जा, आत जा."

मुंगी आत गेली. जाताना दप्तर ओढत गेली.

"ताई, अजिबात निघणार नाही?" आईने मला विचारलं.

"नाही. वरून पांढरं फूल शिवून देते. झाकलं जाईल."

"बघते," ती म्हणाली. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. कामात माझं लक्ष लागेना. एका साहेबांच्या कोटाला मी चुकीची चिठ्ठी टाचली. डाग गेला नाही हे मला चालण्यासारखं होतं, न जाणारे डाग मी चिकार बघितलेत. पण ती पोर घरात कशी वावरत असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं. शनिवारी दुपारी तिची आई काउंटरवर आली आणि झगा मालकांना नाही, मला बोलावून दिला.

"नुसती इस्त्री करून द्या."

"आणि फूल? मी दोन शिवून ठेवलीत, एक लहान, एक मोठं."

"नको," ती म्हणाली, आणि चिठ्ठी घेऊन गेली. हे रागाने होतं की कसं, मला कळलं नाही. मी झगा उलटा करून, वर ओलं फडकं घालून इस्त्री केली. फिकट निळा डाग इस्त्रीने आणखी नीटनेटका दिसायला लागला.

रविवारी उपासनेआधी वर्ग होता. मुंगी आली नव्हती. मी भांड्यात पाणी घेतलं, शाईचे चार थेंब टाकले आणि नवं हायपो ओतलं. पाणी निळंच राहिलं. मी मुलांना सगळं सांगितलं. नाकात मोहरी घालणारा म्हणाला, "म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"अर्धं सांगितलं, अर्धं लपवलं. म्हणजे खोटंच."

"मग सॉरी म्हणा."

मी म्हटलं. बारा तोंडांपुढे, नव्हे, अकरा. त्यांनी आपसात डोळ्यांनी सल्लामसलत केली आणि भाजी फेकणारी म्हणाली, "बरं, असू दे." मग त्यांनी विचारलं आज खेळायला काय आहे, आणि मी त्यांना दोऱ्याची रिळं दिली. एवढंच. रिळं वाटताना मी मेली दोनदा मोजायला चुकले.

उपासना सुरू झाली. मी मधल्या वाटेच्या कडेला बसले होते. पाळकांनी बाळाला पुढे आणायला सांगितलं तशा सगळ्या माना मागे वळल्या. दाराशी मुंगीची आई उभी होती, वडील होते. बाळ मात्र त्यांच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हतं.

बाळ मुंगीच्या हातात होतं. झगा तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता आणि छातीवरचा फिकट निळा डाग वाटेच्या दोन्ही बाजूंच्या बाकांवरून दिसत होता. आई तिच्या मागून एक पाऊल अंतर ठेवून चालत होती. तिने हात पुढे केले नव्हते, दोन्ही हात पोटाशी धरले होते. कुणीतरी कुजबुजलं, "शाई आहे का ती?" आणि आईने सरळ उत्तर दिलं, "हो, शाईच आहे."

मुंगी इतकी हळू चालत होती, की पाळक पाण्याच्या भांड्यापाशी हात पुढे करून थांबून राहिले. माझे डोळे वाहत होते आणि रुमाल लॉन्ड्रीत राहिला होता. ती माझ्या बाकाशी आली तेव्हा मला वाटलं, ती डागाकडे बघेल, नाहीतर माझ्याकडे. तिचं सगळं लक्ष स्वतःच्या कोपराकडे होतं, जिथे बाळाचं डोकं टेकलं होतं.

"मावशी," तिने जाता जाता मला हळूच सांगितलं, "मान धरायची असते. आईने शिकवलं."