पंपावरचा पिवळा रंग

थंडीचे ऐन दिवस आणि गरम पाण्याने खोल्या तापवणारे रेडिएटर चार दिवस गारठून पडलेले. सासूबाई दोन स्वेटरांवर मुलाचा कोट चढवून पलंगावर बसल्या होत्या. "मला काही होत नाही गं," असं म्हणायच्या आणि लगेच खोकल्याची उबळ यायची. सुनेला ते ऐकवत नव्हतं.

बॉयलरच्या कंपनीचा मेकॅनिक आला तेव्हा दार तिनेच उघडलं. तो तिच्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाला, "घरात कुणी पुरुष माणूस आहे का? जरा समजावून सांगायचंय."

पुरुष माणूस होता. शाळेत गणित शिकवायचा, आणि साधा बल्ब बदलायचा झाला तरी बायकोला हाक मारायचा. बायको वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करत होती. पण मेकॅनिकने समजावलं ते मास्तरांना. बॉयलर आतून पार गंजलाय, नवाच बसवावा लागेल, यायला महिना लागेल. मास्तर मान डोलावत राहिले. दहा मिनिटांत हातावर कागद ठेवून स्वारी चालती झाली. कागदावर लिहिलं होतं : पंप उघडून तपासला, ठीक आहे. बॉयलर बदलावा.

"महिनाभर आईंनी कुडकुडत बसायचं?" ती म्हणाली.

"अगं, त्याला त्यातलं कळतं."

"आणि मी कारखान्यात माशा मारते का?"

ती तडक मागच्या खोलीत गेली. बॉयलर तर मस्त तापत होता. त्यातून निघणारा पाइप हातभर अंतरापर्यंत चटका बसेल इतका गरम, पुढे एकदम थंडगार. म्हणजे पाणी तापत होतं, पण पुढे सरकत नव्हतं. सरकवायचं काम पंपाचं. तिने पंपाजवळ कान नेला. हूं नाही की चूं नाही.

पंपाच्या तोंडावर मधोमध मोठा स्क्रू होता. तो काढल्याशिवाय आतलं काही दिसणं शक्य नव्हतं. तीन वर्षांपूर्वी भिंती रंगवताना त्यावर पिवळा रंग सांडून वाळला होता. तो थर अजून जसाच्या तसा. नखाएवढा टवकाही उडालेला नव्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, इकडे या! बघा, म्हणे उघडून तपासला! हातसुद्धा लावला नाही मेल्याने!"

मेन स्विच बंद करून तिने पाइप निवू दिले. स्क्रूखाली बादली ठेवली, रंग खरवडला, स्क्रू काढला. काळपट पाणी ठिबकलं. आत पंपाच्या दांड्याचं खाच असलेलं टोक दिसलं. दांडा गच्च अडकला होता. तिने जोर केला नाही. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवून थोडं इकडे, थोडं तिकडे, असं चुचकारत राहिली. मास्तर टॉर्च धरून श्वास रोखून उभे. बऱ्याच वेळाने दांडा सुटला आणि गरगर फिरला.

स्क्रू परत बसवून तिने स्विच लावला. पंप गुणगुणू लागला. मग खोल्याखोल्यांतून फिरत तिने रेडिएटरमधली अडकलेली हवा सोडली. थोड्या वेळाने सासूबाईंनी त्यावर हात टेकवला. "अगं बाई, जिवंत झाला की!"

"झालं ना मनासारखं? आता सोडून दे," मास्तर म्हणाले.

"सोडून देऊ? खालच्या मजल्यावरच्या आजींनाही याच मेकॅनिकने बॉयलर बदलायला सांगितलंय!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिने कंपनीच्या साहेबाला बोलावून घेतलं. मेकॅनिक मागे उभा होता. "वहिनी, तुम्ही परस्पर हात लावलात, आता आमची जबाबदारी नाही," तो म्हणाला.

तिने कागद त्याच्या नाकासमोर धरला. "हे अक्षर कुणाचं? रंग न खरवडता स्क्रू कसा उघडलात, तेवढं दाखवा. मीही शिकेन."

साहेब घसा खाकरून म्हणाले, "चुका होतात हो माणसाकडून."

"चूक? एक म्हातारं माणूस इथे काकडत होतं, दुसरं खाली काकडतंय. चला आजींकडे. पाना याने धरायचा, बघत मी बसणार."

आजींनी कानाला मफलर गुंडाळूनच दार उघडलं. मेकॅनिक मुकाट्याने गुडघ्यावर बसला. तिथे तर पंपसुद्धा धड होता, नुसती हवा अडकलेली. पाच मिनिटांचं काम. आजी साहेबांना तोंड भरून दुवा देऊ लागल्या, तेव्हा मात्र तिला तिथे उभं राहवेना. ती ताडताड जिना चढून वर आली.