टबातला सिंधुदुर्ग

दिवाळीत आमच्या समा भागातल्या गुजराती सोसायटीत मातीचा किल्ला मीच करतो. साधासुधा नाही, सिंधुदुर्ग. माझ्या बायकोच्या, नयनाच्या धुण्याच्या टबात किल्ला, भोवती समुद्र, आणि मी दोन पावलं लांबून काठीनं दाखवत व्याख्यान देणार. अकरा वर्षं झाली. शेजारी म्हणतात, "गजेंद्रकाका तो एक्सपर्ट छे." एक्सपर्टनं खरा सिंधुदुर्ग पाहिलाय का, हे कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. मला पाण्याची भीती वाटते. रिफायनरीत तीस वर्षं आगीशेजारी काढली, पण गुडघाभर पाणी दिसलं की माझी बोबडी वळते.

यंदा नयनानं मला न विचारता कुडाळची तिकिटं काढली.

"संक्रांतीनंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. पुढं होडीत चढता येईल की नाही, कोण जाणे. मला तुमच्याबरोबर तो किल्ला बघायचाय."

मालवण येईपर्यंत वारा, भरती, माझं ब्लडप्रेशर, सगळी कारणं काढून झाली. धक्क्यावर शेवटचा डाव टाकला, "तू जाऊन ये. मी पिशव्या सांभाळतो."

वाटलं, भांडेल. तिनं मुकाट्यानं पिशव्या माझ्या पायाशी ठेवल्या आणि कुणा अनोळखी बाईचा हात धरून, दुखरा पाय सावरत होडीत उतरली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पिशव्यांसकट मी मागोमाग धडपडलो आणि एका गृहस्थांच्या मांडीवर जाऊन बसलो.

डोळे मिटून रामरक्षा चालू केली. अर्ध्यात नयनाचा आवाज आला, "अहो, तुमचा दरवाजा कुठाय?"

डोळे उघडले. समोर नुसता तट. माझ्या टबातल्या किल्ल्याला तर समोरच महाद्वार असतं, चांगलं मोठं, गेरूनं रंगवलेलं.

"जवळ गेल्याशिवाय दिसत नाही तो," होडीवाला म्हणाला. "पहिल्यांदाच आलात?"

"छे हो," नयना म्हणाली, "अकरा वर्षं व्याख्यान देतायत."

होडीभर लोक हसले. ज्यांच्या मांडीवर होतो ते जास्तच.

"मी घाबरतो, हे तुला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"टबात पाणी दरवर्षी कोण भरतं? तुम्ही लांबून काठी फिरवता, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय, त्याची वाट बघत होते."

अकरा वर्षं. मी पाण्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"नयना, मला फार भीती वाटतेय."

"हं," ती म्हणाली आणि सरकून तिनं शेजारी जागा केली.